तळं म्हणजे मोरी नव्हे

आमच्या चिपळूणजवळच्या घराच्या मागील दारी, विहीर आणि माडांच्या मधल्या जागेत, काकांनी एक लहानसं तळं बांधलं होतं. लांबी १० फूट, रुंदी ६, खोली ३. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, आतून सिमेंटचा गिलावा. काका होते तोवर त्यात कमळं होती, गोल्डफिश होते, काठाला वेखंड होतं. ते गेले आणि घराला कुलूप लागलं. सहा वर्षांनी मी मागचं दार उघडलं, तेव्हा तळ्यात पालकाची पातळ भाजी भरून ठेवल्यासारखं दिसत होतं. वर आंब्याफणसाच्या पानांचा थर, आणि काठी खुपसली की सडक्या अंड्यांचा वास.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. मे महिना होता, सुट्टीला आलेले भाऊ-पुतणे हाताशी होते. रविवारी सकाळी पंप लावून पाणी उपसलं. गाळ घमेल्यांनी गडग्यापलीकडे फेकला. भिंती खराट्याने आणि ब्लीचिंग पावडरने पांढऱ्या होईतो घासल्या. विहिरीने तळ गाठला होता म्हणून टँकर मागवला आणि दिवेलागणीला बादलीतले मासे परत सोडले. हो, मासे होते! त्या हिरव्या रश्शात, कुणी एक दाणा न टाकता, सहा वर्षं चौदा मासे जगले होते. सोमवारी सकाळी त्यातले अकरा उलटे तरंगत होते.

तुमच्या बंगल्यामागे, वाड्याच्या चौकात किंवा गावच्या घराच्या परसात असं एखादं तळं, हौद किंवा कुंड पडून असेल आणि या वर्षी ते पुन्हा जागतं करायचं मनात असेल, तर आधी या अकरा माशांचा हिशेब ऐका.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. कुजणारी पानंही तेच करतात. तळ्याच्या भिंतींवर, दगडांवर जो बुळबुळीत थर हाताला लागतो त्यात जिवाणूंच्या वसाहती असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती खातात. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशाला विषं; नायट्रेट त्यामानाने गरीब. मी खराट्याने घासून काढला तो हा कारखाना. शिवाय पानं कुजत राहिल्याने जुनं पाणी आम्लधर्मी झालेलं असतं. त्यात अमोनिया असला तरी तो बव्हंशी अमोनियमच्या रूपात असतो, माशाला फारसा बाधत नाही. पण अचानक ताजं, अल्कलीकडे झुकणारं पाणी मिळालं की त्या अमोनियमचा पुन्हा जहरी अमोनिया होतो. सहा वर्षं ज्या पाण्याला शरीर सरावलं, ते तासाभरात बदललं. त्यात टँकरमधल्या आणि भिंतींवर राहिलेल्या क्लोरिनने कल्ले भाजले. आणि मे महिन्याचं कोमट पाणी. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. एवढं झाल्यावर तीन मासे वाचले कसे, याचंच मला आजही नवल वाटतं.

तेव्हा पहिला आठवडा काही करू नका. खुर्ची टाकून बसा.

थट्टा नाही ही. उजाडायच्या आधी एकदा आणि दुपारी चारच्या सुमाराला एकदा तळ्यावर जा. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. ते दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच श्वसनासाठी तो वापरतं. म्हणून पहाट ही तळ्यातली सगळ्यात कठीण वेळ. मासे तोंडं वर काढून पृष्ठभागावर हवा गिळत असतील आणि दुपारी मजेत खाली फिरत असतील, तर तुमचं दुखणं प्राणवायूचं आहे. दिवसभरच तशी तोंडं काढत असतील, तर पाण्यात किंवा कल्ल्यांत आणखी काही बिघाड आहे. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचे तपासणी-संच मिळतात. पीएच, अमोनिया, नायट्राइट एवढे तीन पुरेत. पीएच सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजा. दाट शेवाळाच्या तळ्यात दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसते. आकडे वहीत लिहा. किती मासे आहेत ते बघायचं असेल तर संध्याकाळी चार-पाच कुरमुरे टाका, येतात वर.

याच आठवड्यात इतर रहिवासीही कळतील. पाण्यात सरकणारा, अंगावर चौकड्या असलेला साप बहुधा दिवड असतो. बिनविषारी, पण डिवचला तर चावा घेणारा. त्याला जाऊ द्या. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात खरी काळजी काठाच्या निसटलेल्या चिऱ्यांखालच्या फुरशाची. पहिल्या दिवशी गमबूट घाला, दगड हाताने उचलण्याआधी पहारीने उलथा, आणि पोरांना लांब ठेवा. खंड्या समोरच्या तारेवर येऊन बसत असेल किंवा ढोकरी काठाशी ध्यान लावून उभी राहत असेल, तर खुशाल समजा की पाण्यात खाण्याजोगं काही जिवंत आहे.

आता वेळ. मे महिना सोयीचा वाटतो, कारण सुट्टी असते आणि तळं निम्मं आटलेलं असतं. पण उष्णता, प्राणवायूची टंचाई आणि पाण्याची टंचाई तिन्ही तेव्हाच. पावसाळ्याच्या तोंडाला काम काढावं, तर बेडकांनी अंडी घातलेली असतात, आणि उपसलेल्या तळ्यात चिखलच वाहून येतो. माझ्या मते दिवाळी झाली की सुरुवात करावी. विहिरीला पाणी असतं, ऊन गाळ वाळवण्याइतकं असतं, पाणी गार असल्याने मासे हलवण्याचा ताण सोसतात. देशावरही हेच, फक्त विदर्भात किंवा नाशिककडे कडाक्याच्या थंडीचे आठवडे टाळा, कारण थंड पाण्यात ते जिवाणू फार सावकाश वाढतात.

काम सुरू करण्याआधी तळ्यात किती पाणी मावतं हे काढून ठेवा, कारण पुढचं प्रत्येक माप त्यावर आहे. फुटांत लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, त्याला २८.३ ने गुणा: लिटर मिळतात. आमचं तळं १८० घनफूट, म्हणजे सुमारे ५,१०० लिटर. वेड्यावाकड्या आकाराच्या तळ्याचं सरासरी माप घ्या. औषध असो, मीठ असो, मासे असोत, अंदाजपंचे टाकलेलं काहीही उपयोगी पडत नाही.

माशांसाठी तात्पुरतं घर आधी उभं करायचं. २०० लिटरची दोन निळी पिंपं किंवा विटांच्या चौकोनात अंथरलेली ताडपत्री चालते. पिंपात आधी रसायन असेल तर ते नको, कितीही धुतलं असलं तरी. त्यात तळ्याचंच, वरचं, न ढवळलेलं पाणी भरा. सावली, वर जाळी (गोल्डफिश उडी मारतो, आणि मांजर लांब नसतं) आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणलाच ठाऊक, म्हणून बॅटरी. मासे इथे आहेत तोवर खाणं जवळजवळ बंद ठेवा. मासा आठवडाभर उपाशी सहज राहतो. त्याला त्याच्याच विष्ठेचं पाणी सोसत नाही. आणि पिंप आठवड्याहून जास्त बिनमाशाचं उघडं राहिलं तर त्यात डास झालेच. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत उन्हाळी हवेत सात ते दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास तर असं स्वच्छ साठलेलं पाणीच शोधत असतो.

मासे पकडायला जाळं मऊ हवं. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोन काठ्यांना बांधला की झालं. पाणी गुडघ्याखाली उतरल्यावरच पकडा, नाहीतर पाठलागातच गाळ ढवळला जातो आणि तो सडका वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, पाण्यात मिसळून मासे हाती येण्याआधीच मरतात. पंपाबद्दल एकच सांगतो, पण ते वाचून पुढे जाऊ नका, करा: पंपाच्या वायरीच्या सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि पाण्यात हात किंवा पाय घालण्याआधी प्लग उपटा. बटण बंद करणं पुरेसं नाही.

जुनं पाणी सगळं फेकायचं नाही. तिसरा हिस्सा तरी पिंपांत, टाकीत, असेल त्यात राखून ठेवा. हे पुढचं विरजण आहे. तसेच काठाचे चार-सहा बुळबुळीत दगड त्याच पाण्यात बुडवून ठेवा.

गाळ काढताना मात्र हात आखडू नका. वरची पानं आधी पंजाने ओढून घ्या, मग काळा चिखल घमेल्याने. तळाशी बोटभर राहिला तर राहू द्या, विशेषतः कमळं लावायची असतील तर. मी गडग्यापलीकडे फेकला तो गाळ म्हणजे सोनं होतं, हे मला शेजारच्या आजोबांनी सुनावलं, आणि पुढच्या पावसात त्यांच्या माडांच्या आळ्यांत तो गेलेला मी पाहिला. धरणांतला गाळ शेतात नेण्यासाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना काढली. आपल्या परसातला गाळ तर फक्त दहा पावलं न्यायचा असतो. आधी पसरून आठ दिवस वाळवा, वास जाऊ द्या, मग माड, पोफळी, केळीला द्या.

तळं मोकळं झालं की आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. तळाला भेगा पडेपर्यंत वाळवणं ही मत्स्यशेतीतली जुनी आणि बिनखर्चाची निर्जंतुकता आहे. तळ मातीचा असेल तर त्यावर चुना भुरभुरा. मत्स्यशेतीत हेक्टरी २०० ते २५० किलो टाकतात, म्हणजे चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम, मूठभरही नाही. पक्क्या तळ्याला चुना नको. भिंतींवरचा सुटा चिखल झाडूने उतरवा आणि थांबा. घासून चकचकीत करण्याची हौस असेल तर ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर भागवा.

गळती बघायची ती आता, आणि त्यासाठी एक साधी युक्ती आहे. तळं अर्धं भरा. एक बादली पाण्याने भरून तळ्यातच पायरीवर ठेवा, आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा. दोन दिवसांनी दोन्ही सारख्या उतरल्या असतील तर ते फक्त बाष्पीभवन. उन्हाळ्यात रोज अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी उडून जाणं काही विशेष नाही. तळ्याची पातळी जास्त उतरली, तर ती जिथे येऊन थांबते त्याच रेषेत भेग शोधा. भेग छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उघडून मगच भरायची. वरून सिमेंट लिंपलं तर पुढच्या उन्हाळ्यात ते पापुद्र्यासारखं निघतं.

जुन्या वाड्यातला हौद असेल तर गवंड्याला आधीच अडवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून पुण्याच्या पेठांमधले हौद भरले जात. त्या काळची आणि त्यानंतरचीही कितीतरी बांधकामं चुन्यातली आहेत. चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट बसत नाही. ते कडक, हा मऊ, आणि दोघांमध्ये ओल अडकून दोन्ही फुगतात. चुन्यात काम करणारा गवंडी शोधा, वेळ लागला तरी.

सिमेंटचं नवं काम केलं असेल तर त्यातून चुना पाझरून पाण्याचा पीएच १० च्याही वर जातो. आमच्याकडे अशा नव्या टाकीत पाणी भरून केळीचे खुंट चिरून टाकतात आणि ते कुजू देतात. कुजताना तयार होणारी आम्लं चुन्याला शमवतात. चार-पाच दिवसांनी पाणी बदलायचं, पुन्हा नवे खुंट. दोन-तीन फेऱ्यांत पीएच साडेआठाखाली आला की तळं धुऊन घ्या. तपासणी-संचातल्या रंगपट्टीवर विश्वास ठेवा, नाकावर नको.

आता भरणं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्लोरिनशिवाय मिळतं, पण त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून उंचावरून, झारीच्या तोटीसारखं फवारत सोडा. नळाचं पाणी उघडं ठेवून हवेचा पंप लावला की एक-दोन दिवसांत क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयवाले ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट पाकिटावरच्या मापाने. भरलेल्या तळ्यात राखून ठेवलेलं जुनं पाणी आणि ते बुळबुळीत दगड सोडा. विरजण लागलं.

पुढचे चार ते सहा आठवडे वाट बघणं हेच काम सगळ्यात अवघड, कारण त्यात करण्यासारखं काही नाही. सुरुवातीला पाणी काचेसारखं असतं आणि घरचे कौतुक करतात. दहा-बारा दिवसांनी ते पुन्हा हिरवं होतं आणि तेच घरचे तुमच्याकडे बघतात. होऊ द्या. मोकळ्या पडलेल्या अन्नावर शेवाळ आधी येतं, वनस्पती मागून येतात. या दिवसांत लोक काय काय टाकतात! बागायतदार मोरचूद सुचवतो. त्याने शेवाळ मरतं खरं, पण आमच्याकडच्या मृदू पाण्यात, म्हणजे ज्यात क्षार कमी आहेत अशा पाण्यात, त्यातलं तांबं माशालाही मारतं, आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना उरलेला प्राणवायू ओढून घेतं. तुरटी फिरवली की पाणी निवळतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, पण ते पिण्याच्या हंड्यातलं ज्ञान आहे. तुरटी पीएच खाली ओढते, आणि मृदू पाण्यात तो एका रात्रीत कोसळू शकतो. दुकानदार अतिनील दिवा विकतो. त्याने हिरवा रंग जातो, पण शेवाळाला पोसणारं अन्न पाण्यातच राहतं. भिंतीवर लांब तंतूंचं शेवाळ वाढलं तर खरखरीत काठीला शेवया गुंडाळाव्यात तसं गुंडाळून काढा, तेवढं पुरे.

कोकणातल्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शहरी पुस्तकांत ते नसतं. जांभ्यातून आलेल्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार फार कमी असतात, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की असतात तेही धुऊन जातात. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या बोअरला उलट दुखणं, क्षारांचा अतिरेक. पण माशांना तो सोसतो. आपण काय करायचं? तिसऱ्यांची एकशिपी खाऊन झाल्यावर ज्या शिंपल्या उरतात त्या फेकू नका. उकळून, घासून, चार दिवस उन्हात वाळवून, जाड ठेचून जाळीच्या पिशवीत भरा आणि पिशवी तळ्यात पाणी पडतं तिथे किंवा पंपाच्या तोंडाशी लटकवा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल होऊ लागलं की ती विरघळते, नाही झालं तर तशीच राहते. इतकी समजूतदार वस्तू बाजारात मिळत नाही. पावसाळ्यात अचानक पीएच घसरला तर खाण्याचा सोडा, १,००० लिटरला ५० ग्रॅम, बादलीत विरघळवून सावकाश सोडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.

मासे परत सोडल्यावर नायट्राइट चढलेलं दिसलं तर खाणं बंद, दहावा हिस्सा पाणी बदला, आणि १,००० लिटरला एक किलो जाडं मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. याहून जास्त मीठ कमळाला मानवत नाही.

गाळणीसाठी मी सुरुवातीला एक महागडा डबा आणला होता. तो आता कोंबड्यांना पाणी द्यायच्या कामी येतो. त्याच्या जागी जे केलं ते आपल्या प्रत्येक जुन्या घरामागे होतंच. मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू, कर्दळ आणि केळ लावलेली असते, आणि ते पाणी कधी साचून सडत नाही. तेच तळ्याला लावायचं. २०० लिटरचं पिंप अर्ध्यावर कापा, तळाला छिद्रांचा पाइप ठेवा, त्यावर काळी खडी: खाली जाड, वर बारीक. जांभ्याचे तुकडे नकोत, ते विरतात. खडीत कर्दळ, अळू, वेखंड खोचा, मातीशिवाय. पंपाचं पाणी खालून शिरतं, खडीतून वर चढतं आणि तोंडावरून पुन्हा तळ्यात पडतं. पंप असा घ्या की दोन तासांत तळ्याचं सगळं पाणी एकदा फिरेल. आमच्या ५,१०० लिटरला ताशी अडीच हजार लिटरचा पुरला. तो रात्रीही चालू हवा, कारण प्राणवायूची गरज पहाटेच असते. कर्दळीची पानं तोडत राहा. तोडलेलं पान म्हणजे तळ्यातून बाहेर गेलेलं नायट्रेट. (ते अळू खायचं का, हे विचारू नका. आमच्याकडे यावर दोन पक्ष आहेत. मी खात नाही.)

तळ्याचा निम्म्याहून थोडा जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की हिरवं पाणी आपोआप मागे हटतं. शेवाळाला ऊनच मिळत नाही. कुमुदिनी रुंद कुंडीत, चिकणमातीत, वर वाळूचा थर देऊन लावा म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. खरं कमळ हवं असेल तर त्याला मोठी, वेगळी कुंडी द्या. त्याचे कंद मोकळे सोडले तर दोन वर्षांत तळं त्याचंच होतं. जलपर्णी कुणी प्रेमाने देऊ केली तरी नको. पुण्यात मुळा-मुठेवर आणि कोल्हापुरात पंचगंगेवर तिने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

मासे शेवटी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागली की जुने मासे आधी परत न्या. पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगवा, मग वाटी-वाटीने तळ्याचं पाणी पिशवीत घालत अर्धा तास घालवा. पिंपात राहण्याचा काळ लांबतोय असं वाटलं तर निम्मे मासे एखाद्या ओळखीच्या तळ्यावर पाहुणे म्हणून पाठवा, मन घट्ट करून. नवे मासे घेताना दुकानात बोटाएवढा दिसणारा कोई पुढे दोन फुटांचा होतो हे लक्षात ठेवा. एका कोईला १,००० लिटर धरा, गोल्डफिशला अडीचशे. पाच हजार लिटरमध्ये वीस गोल्डफिश किंवा चार-पाच कोई, बस्स. खाणं दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच. उरलं ते तुमच्या हाताने घातलेला गाळ आहे.

शेवाळ खाणारा म्हणून सकरफिश विकतात. तो घेऊ नका. फूटभराहून मोठा होतो, भिंती उकरतो, आणि उजनीच्या जलाशयात मच्छीमारांना त्याने पुरतं जेरीस आणलं आहे. चिलापीही नको, एका जोडीची शंभर होतात. डासांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे मिळतात, ते चारी बाजूंनी बंदिस्त टाकीत ठीक. गॅम्बुझिया १९२८ मध्ये डासांसाठीच भारतात आणला गेला आणि डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्लंही खात सुटला. मला स्वतःला आपला पॅनचॅक्स आवडतो, ओहोळाच्या कडेला पृष्ठभागाखाली तरंगणारा, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला. अळ्या तोही खातो, आणि उद्या निसटला तरी तो घरीच गेलेला असतो. निसटण्याची गोष्ट कोकणात पुस्तकी नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माणसांचा संसार वाहून गेला. कुणाच्या तळ्यातलं काय कुठे पोचलं ते कोण मोजणार? म्हणून सांडव्याच्या पाइपाला बारीक जाळी हवीच, आणि ती जूनमध्ये दर दोन दिवसांनी पानं काढून मोकळी करायला हवी. अंगणातलं वाहतं पाणी तळ्यात येऊ नये म्हणून काठ जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. घरात लहान मूल असेल तर पाण्याखाली दोन बोटांवर लोखंडी जाळी बसवून घ्या. ती दिसत नाही, आणि मासे वर-खाली करू शकतात.

गणपतीचं विसर्जन या तळ्यात करू नका, शाडूचा असला तरी. रंग आणि गढूळपणा दोन्ही माशांना नको. पीओपीची मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट वापरतात, त्या बादलीतलं पाणी तर तळ्याच्या जवळपासही ओतू नका. ते अमोनियाचंच पाणी असतं. झाडांना द्या, पातळ करून.

आणि कोकणात तळ्यावर आंबा असेल, स्वतःचा किंवा शेजाऱ्याचा, तर मोहोराच्या दिवसांत शेजाऱ्याशी बोलणं राखून ठेवा. तुडतुड्यांसाठी मारतात त्यांतली सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधं माशांना अगदी थेंबाथेंबानेही जहर असतात. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी तळं ताडपत्रीने झाका, पंप चालू राहू द्या, पण पाणी पडण्याचा आवाज ताडपत्रीच्या आतून येतोय ना ते बघा. दुसऱ्या दिवशी ताडपत्री उचलताना दोघांनी उचला, चारी कोपरे वर धरून, म्हणजे वर साचलेलं पाणी तळ्यात सांडणार नाही. एकट्याने उचलायला जाऊ नका. मी गेलो होतो, आणि एक कोपरा निसटलाच. त्या वेळी मधला भाग उंच धरून ठेवणारी एक काठी तळ्यात आडवी टाकलेली होती म्हणून पाणी बाहेरच्या बाजूला गेलं. ती काठी तुम्हीही टाका.